आभाळातली दवंडी

मार्गासनी, विंझर, साखर, गुंजवणे या गावांतून वाट वाकडी करून आलेल्या माझ्या माणसांनो,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. शाळेच्या ओट्यावर एक काळा फळा होता. उद्या लस टोचायला येणार आहेत, शनिवारी शाळा सकाळची, नदीला पाणी आहे तर पलीकडच्या वस्तीवरच्या पोरांनी यायचं नाही, असं काही असलं की गुरुजी ते फळ्यावर लिहीत. त्यांचे दोन नियम होते. एका वेळी दोनापेक्षा जास्त सूचना लिहायच्या नाहीत, आणि ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. मी वर्गमंत्री असताना सहलीची सूचना मी लिहिली. सहल होऊन गेली तरी ती चार दिवस तशीच राहिली. गुरुजींनी मला ओट्यावर बोलावलं आणि विचारलं, "आज मी याच फळ्यावर लिहिलं की नदीला पाणी आलंय, तर पोरं वाचतील का?" मी म्हणालो, "वाचतील की." ते म्हणाले, "नाही वाचणार. या फळ्यावर शिळंच असतं, हे त्यांना आता ठाऊक झालंय."

पुढे माझं सगळं आयुष्य विमानतळांवर वैमानिकांना सूचना देण्याच्या खात्यात गेलं, आणि गुरुजींचं ते वाक्य मला रोज आठवत राहिलं. जगभरच्या वैमानिकांच्या फळ्यावर आज शिळंच साचलेलं आहे. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

वैमानिकाला उड्डाणाआधी जी सूचना दिली जाते तिला 'नोटम' म्हणतात. जहाजांच्या कप्तानांसाठी 'दर्यावर्दींना सूचना' निघत असत, अमुक दीपगृहाचा दिवा बंद आहे, तमुक ठिकाणी खडकावर जहाज रुतलं आहे, अशा. त्याच धर्तीवर विमानं उडवणाऱ्यांना सूचना निघू लागल्या. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत देशोदेशींचा करार झाला. त्याचं पंधरावं परिशिष्ट १९५३ साली मंजूर झालं आणि या सूचनांना आंतरराष्ट्रीय नियमांची चौकट मिळाली. आपल्याकडे भारतीय विमानतळ प्राधिकरण हे काम करतं. देशाच्या आभाळाचे दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई असे चार मोठे विभाग आहेत. आपल्या डोक्यावरचं हे आभाळ मुंबईच्या हद्दीत येतं.

नोटममध्ये काय असतं आणि काय नसतं, हे समजायला लांब जायला नको. आपला तोरणा किल्ला १,४०३ मीटर उंच आहे, म्हणजे साधारण ४,६०० फूट. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,९४० फुटांच्या आसपास. म्हणजे लोहगावला चाकं टेकलेल्या विमानापेक्षा तोरण्याचा माथा अडीच हजार फुटांहून अधिक वर आहे. ही गोष्ट नोटममध्ये नसते. तोरणा काल होता, उद्याही असणार, म्हणून तो नकाशात असतो. पण एखाद्या डोंगरावर नवा मनोरा उभा राहिला आणि नकाशा अजून बदललेला नाही, मनोऱ्यावरचा लाल दिवा बंद पडला, धावपट्टी खणायला घेतली, कुठे तोफांचा सराव आहे, बंगालच्या उपसागरावर क्षेपणास्त्राची चाचणी आहे, हे नोटममध्ये येतं. जे कालपर्यंत नव्हतं आणि कायम राहणार नाही, ते नोटमचं. थोडक्यात ही दवंडीच आहे.

दवंडी कशी असते, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. कोतवाल हलगी वाजवत यायचा, चावडीपुढे थांबायचा, मग प्रत्येक आळीच्या तोंडाशी. एका दवंडीत एक गोष्ट. कधी, कुठे, कोणासाठी आणि कशामुळे, एवढं दोन वाक्यांत. मारुतीच्या देवळामागे विहीर आहे, अशी दवंडी कोणी देत नसे, कारण विहीर सगळ्यांना माहीत. पण विहिरीचा कठडा ढासळला तर त्याच संध्याकाळी हलगी वाजायची. म्हणून हलगी वाजली की हातातलं काम टाकून माणसं दारात येत. वर्षातून मोजक्या वेळा वाजणारं वाद्य होतं ते. रोज दिवसातून दीडशे वेळा वाजलं असतं, तर कोणी मानही वर केली नसती.

जगभरात वर्षाला दहा लाखांहून जास्त नोटम निघतात. लांबच्या एका उड्डाणासाठी वैमानिकाच्या हाती पडणारा गठ्ठा कित्येकदा पन्नास पानांच्या पुढे जातो. निघायच्या आधी त्याच्याकडे वेळ असतो तो एखाद्या तासाचा. त्यात हवामान बघायचं, इंधन ठरवायचं, विमानाची कागदपत्रं बघायची, सहकाऱ्याशी बोलायचं. नोटमांना दहा-पंधरा मिनिटं मिळाली तर पुष्कळ. त्या दहा मिनिटांत विहीर कुठे आहे हे सांगणाऱ्या चाळीस दवंड्यांमधून कठडा ढासळल्याची एक दवंडी त्याने शोधायची.

तीही कुठल्या भाषेत? आपल्याकडची तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री कायमची थांबली. घरात तार आली की आधी रडू फुटायचं आणि मग ती वाचली जायची, हे माझ्या पिढीने पाहिलं आहे. तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून माणसं शब्द गाळत, तोडत. विमानांच्या सूचनाही अशाच तारयंत्रावरून जात. कागदी पट्टीवर एका ओळीत पाच छिद्रं, आणि त्या पाच छिद्रांच्या जुळणीतून एक अक्षर. पाच छिद्रांत बत्तीसच जुळण्या बसतात, म्हणून लहान अक्षरांना जागाच नव्हती, सगळा मजकूर मोठ्या इंग्रजी अक्षरांत. शब्द आखडून लिहायचे. ती यंत्रं गेली, पट्ट्या गेल्या, पण भाषा अजून तीच आहे.

एक नमुना दाखवतो. पुण्याच्या धावपट्टीला १०/२८ म्हणतात. ती कामासाठी बंद असेल तर नोटममध्ये लिहितात, 'आरडब्ल्यूवाय १०/२८ सीएलएसडी ड्यू डब्ल्यूआयपी'. त्याच्या वरच्या ओळीत सांकेतिक अक्षरं असतात, 'क्यू एम आर एल सी'. यातलं 'एम आर' म्हणजे धावपट्टी आणि 'एल सी' म्हणजे बंद. पुण्याचं नाव 'व्हीएपीओ'. वेळ दहा आकड्यांत, मध्ये जागा न सोडता. १६ ऑक्टोबर २०२१ ची सकाळी आठची वेळ लिहायची तर २११०१६०२३०. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग तास आणि मिनिटं. सकाळचे आठ म्हणजे ०२३० का? कारण घड्याळ ग्रिनिचचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आता पहाटे चारची वेळ घ्या. ती होते २११०१५२२३०. तारीखही बदलली, सोळाची पंधरा झाली. पहाटे साडेपाचच्या आधीची आपली प्रत्येक वेळ नोटममध्ये आदल्या दिवशी जाऊन पडते.

मे २०२५ मध्ये सीमेवर चकमकी सुरू असताना उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नोटम काढून बंद केले होते. वर्तमानपत्रांत छापून आलं, १५ मेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत बंद. मला त्या दिवशी गावाकडून तिघांचे फोन आले, की हे २९ मिनिटांचं काय गौडबंगाल आहे? गौडबंगाल काही नाही. ग्रिनिचच्या घड्याळात ती १४ मेची रात्रीची २३:५९ ची वेळ, दिवस संपायच्या आधीचं शेवटचं मिनिट. तुमच्यासारख्या शहाण्या माणसांना जे विचारावं लागलं, ते रात्री दोन वाजता उठून कामावर आलेल्या वैमानिकाने मनातल्या मनात, न चुकता, साठ वेळा करायचं असतं. मान्य आहे, तो शिकलेला असतो. पण शिकलेल्या माणसाच्या डोक्यावर विनाकारण ओझं का द्यायचं, याचं उत्तर मला तीस वर्षांत मिळालं नाही.

आता माझ्याच हातून झालेली एक गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे. विमानतळाचं नाव सांगत नाही. मी ब्रीफिंगच्या टेबलावर होतो. वैमानिक यायचा, उड्डाणाचा आराखडा द्यायचा, त्याचे परवानगीचे आकडे घ्यायचा, आणि मी त्याला नोटमचा गठ्ठा द्यायचो. गठ्ठा मिळाला म्हणून वहीत त्याची सही घ्यायची. एक शिकाऊ पोरगा आला, एकवीस-बावीस वर्षांचा, एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन एकटा निघालेला. मी चौदा पानं दिली. त्याने उभ्या उभ्या चाळली, सही केली, गेला. ज्या धावपट्टीवर तो उतरणार होता तिचं एक टोक खणलेलं होतं. ते नवव्या पानावर होतं. वर आठ पानं कुठल्या कुठल्या क्रेनची, बंद टॅक्सीवेची म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटांची, विझलेल्या दिव्यांची, त्याच्या वाटेशी काही संबंध नसलेली. उतरताना त्याला खणलेला भाग शेवटच्या क्षणी दिसला, त्याने विमान वर उचललं आणि पुढच्या बाजूला टेकवलं. विमानाला ओरखडाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. भांडला नाही. त्याने फक्त विचारलं, "साहेब, ते होतं का त्या कागदांत?" मी वही काढली, त्याची सही दाखवली आणि म्हणालो, "होतं. नवव्या पानावर." तो गप्प बसला आणि निघून गेला.

मला रात्री झोप लागली नाही. मला ते नववं पान माहीत होतं. त्या पोराला कुठे जायचं आहे तेही माहीत होतं. बोट ठेवून "हे एवढं बघ रे बाबा" म्हणायला मला पाच सेकंद लागली असती. पण माझ्या मनात वही होती. सही घेतली की मी सुटलो. कोतवाल हलगी न वाजवता आळीतून चालत गेला आणि 'दवंडी दिली' असं चावडीत नोंदवून आला, तर त्याला गावाने उभं केलं असतं का?

या सगळ्या व्यवस्थेचं दुखणं इथे आहे. सूचना काढणाऱ्याला वाटतं, सूचना निघाली म्हणजे काम झालं. उद्या काही झालं तर 'आम्ही कळवलं होतं' असं म्हणता यावं, म्हणून जो तो सगळं कळवत सुटतो. न कळवल्याबद्दल जाब विचारला जातो, फालतू कळवल्याबद्दल कोणी विचारत नाही. मग गठ्ठा वाढणारच. सूचना काढणाऱ्या कचेरीत बसून मी हे पाहिलं आहे. 'असू दे, टाकून ठेवा' हे चार शब्द जितक्या वेळा मी ऐकले, तितके दुसरे कुठले ऐकले नसतील.

७ जुलै २०१७ ची मध्यरात्र व्हायची होती. टोरांटोहून १४० माणसं घेऊन आलेलं एअर कॅनडाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं. तिथे दोन समांतर धावपट्ट्या, त्यातली डावी बंद, तिचे दिवे विझवलेले. वैमानिकांना नेहमीसारख्या दोन पट्ट्या दिसण्याची अपेक्षा होती. डावी अंधारात गेल्यामुळे त्यांना उजवी हीच डावी वाटली, आणि तिच्याही उजवीकडचा टॅक्सीवे ही धावपट्टी वाटली. त्या टॅक्सीवेवर चार विमानं इंधनाने भरलेली, माणसांनी भरलेली, उड्डाणाची वाट बघत रांगेत उभी होती. एअर कॅनडाचं विमान जमिनीपासून साठ फुटांपर्यंत खाली आलं आणि मग वर उचललं गेलं. रांगेतल्या दुसऱ्या विमानाच्या डोक्यावरून ते फार तर दहा-वीस फुटांवरून गेलं. डावी धावपट्टी बंद असल्याची नोटम वैमानिकांकडे होती, सत्तावीस पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट स्वतः विमानं उडवलेले गृहस्थ. पुढच्या वर्षी या घटनेच्या चौकशीच्या जाहीर बैठकीत त्यांनी या नोटमांना सरळ कचरा म्हटलं. ते वाचताना मला माझं नववं पान आठवलं.

आपल्या जिल्ह्यातल्या एका अपघाताचीही तारीख तीच होती, वर्ष वेगळं. ७ जुलै १९६२. अलितालिया कंपनीचं विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. भर पावसाळ्यातली रात्र. मुंबई प्रत्यक्षात होती त्याहून जवळ आली आहे, असा वैमानिकाचा समज झाला आणि तो लवकर खाली उतरला. जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर ते विमान आदळलं. ९४ माणसं गेली. तिथे नोटमचा संबंध नव्हता. पण चौकशीत जी कारणं निघाली त्यांत एक होतं, वैमानिकाला त्या वाटेवरच्या डोंगराळ मुलखाची ओळख नव्हती. सह्याद्री काही त्या रात्री उगवला नव्हता. त्याची उंची नकाशांत छापलेली होती. कागदावर असणं आणि माणसाच्या डोक्यात असणं यांत केवढं अंतर असतं, ते त्या डोंगरावर दिसलं. पावसाळ्यात तोरणा कसा दिसतो, हे आपण रोज बघतो. दिसतच नाही. ढगात असतो.

कोणी म्हणेल, वैमानिकांनी नीट वाचावं, एवढं सोपं आहे. तर तैपेईचं ऐका. ३१ ऑक्टोबर २००० ची रात्र, वादळ, मुसळधार पाऊस. सिंगापूर एअरलाइन्सचं विमान बंद धावपट्टीवर शिरलं आणि तिथूनच वेगाने धावत सुटलं. पुढे बांधकामाची यंत्रं उभी होती. १७९ पैकी ८३ माणसं मेली. ती धावपट्टी बंद आहे हे त्या वैमानिकांनी वाचलेलं होतं, त्यांना ठाऊक होतं. आपण तिच्यावर उभे आहोत, हे मात्र ठाऊक नव्हतं. वाचलेलं पान त्या पावसात त्यांच्या कामी आलं नाही. धावपट्टीच्या तोंडाशी अडथळा उभा हवा होता, बंद पट्टीकडे नेणारे दिवे विझलेले हवे होते. विहिरीचा कठडा ढासळल्याची दवंडी दिली, तरी रात्री विहिरीवर कंदील टांगावाच लागतो.

आणि एक उदाहरण, जे मला सगळ्यात जास्त सलतं. १७ जुलै २०१४ ला युक्रेनच्या पूर्व भागावरून मलेशियाचं विमान चाललं होतं, २९८ माणसं. खाली लढाई चालू होती. त्या भागात ३२,००० फुटांपर्यंत उडायला बंदी असल्याची नोटम तीन दिवस आधी निघाली होती. विमान ३३,००० फुटांवर होतं. नियमाला धरून, परवानगी घेऊन. क्षेपणास्त्राने ते पाडलं. त्या नोटमेत उंची होती, 'कशामुळे' नव्हतं. इतक्या उंचीपर्यंत मारा करणारं काही खाली आहे की काय, अशी शंका यावी असा एक शब्द त्यात असता, तर किती कंपन्यांनी वाट बदलली असती, कोण सांगणार? आपला कोतवाल नुसतं 'नदीकडे जाऊ नका' म्हणत नसे. 'वरून पाणी सोडलंय, नदीकडे जाऊ नका' म्हणे. कारण कळलं की माणूस स्वतःचं डोकं चालवतो. गाय पलीकडे असेल तर आधीच आणतो.

चांगली दवंडी निघत नाही, असं नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात. पावसाळा सरला की दोन्ही एका दिवशी सहा तास डागडुजीसाठी बंद ठेवतात. २०२४ साली तो दिवस १७ ऑक्टोबर होता, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. सूचना सहा महिने आधी निघते. सगळ्या कंपन्या आपली वेळापत्रकं त्याप्रमाणे लावतात. सहा तास एवढा मोठा विमानतळ शांत असतो आणि कोणाचा खोळंबा होत नाही. एक गोष्ट, एक दिवस, ठरलेली वेळ, भरपूर आधी. आपल्याच लोकांना हे जमतं, म्हणून मी निराश नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, पुसायची. नोटमेला संपण्याची वेळ असते आणि ती वेळ झाली की ती आपोआप जाते. पण वेळेपुढे इंग्रजीत 'अंदाजे' अशी तीन अक्षरं लिहिली, तर कोणी हाताने रद्द करेपर्यंत ती राहते. काम लांबतं, साहेब बदलतो, क्रेन निघून जाते आणि नोटम तशीच राहते. नियम सांगतो की नोटम तीन महिन्यांच्या वर ठेवू नये. त्यापुढचं असेल तर ते पुस्तकात, नकाशात घालावं. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने शिळ्या नोटमांविरुद्ध जगभर मोहीमच उघडली, यावरून तो नियम किती पाळला जात होता ते समजा. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक नोटमेमागे एका माणसाचं नाव असावं. ज्याने लिहिलं त्याने पुसायचं. पुसलं नाही तर ओट्यावर उभं राहून सांगायचं, का नाही पुसलं.

दुसरी गोष्ट, रचना. धावपट्टी बंद, विमानतळ बंद, आभाळ बंद, या तीन गोष्टी पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, बाकी कशाचीही भेसळ न करता. टॅक्सीवेच्या कडेचं गवत कापायचं चाललं आहे, हे मागे. हे करायला नवं यंत्र लागत नाही. नोटमच्या वरच्या ओळीत आजही एक जागा आहे जिथे लिहिता येतं, की ही तातडीची, ही उड्डाणाआधी वाचायची, ही किरकोळ. ती जागा विचार करून भरली तर अर्धा गठ्ठा आपोआप बाजूला पडेल. पण 'किरकोळ' लिहायला धाडस लागतं, कारण उद्या काही झालं तर ते अक्षर आपल्या नावावर असतं. म्हणून मघाच्या वहीकडे परत यावं लागतं. वरच्या साहेबांनी खालच्या माणसाला सांगितलं पाहिजे, की तू विचारपूर्वक 'किरकोळ' लिहिलंस तर मी तुझ्या पाठीशी आहे. त्याशिवाय काही बदलणार नाही.

भाषेबद्दल फार बोलत नाही. पूर्ण शब्द, मोठी-लहान अक्षरं, देशातल्या उड्डाणांसाठी ग्रिनिचच्या शेजारी आपली वेळ, यांत अवघड काही नाही. अमेरिकेने मध्यंतरी नोटम या शब्दाची फोड बदलली, २०२१ च्या डिसेंबरात, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती परत पहिल्यासारखी केली. त्याच अमेरिकेत मधल्या काळात, ११ जानेवारी २०२३ ला, नोटमची यंत्रणाच बंद पडली. मूळ माहिती आणि तिची राखीव प्रत यांचा मेळ घालताना काही फायली चुकून पुसल्या गेल्या. २००१ च्या सप्टेंबरनंतर पहिल्यांदा देशभरातली उड्डाणं थांबवावी लागली, हजारो विमानांना उशीर झाला. फाटक्या गठ्ठ्यावरच सगळं आभाळ टेकलेलं आहे, हे त्या दिवशी लोकांना कळलं. मूळ आणि राखीव प्रत एका हाताखाली ठेवायची नाही, हे घरातल्या दोन किल्ल्या वेगळ्या ठेवणाऱ्या बाईलाही माहीत असतं.

आता पुढचं पाऊल संगणकाचं आहे, आणि मला त्याची आस आहे. सूचना वाक्यात लिहिण्याऐवजी वेगवेगळ्या रकान्यांत भरायची. मग वैमानिकाच्या समोरच्या नकाशावर बंद धावपट्टी लाल दिसेल, खणलेलं टोक दिसेल, नववं पान उलटायला नको. पण नकाशा बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की यंत्राने एखादी सूचना गाळली तर काय गाळलं हे वैमानिकाला मागता आलं पाहिजे. आणि उतरल्यावर त्याला दोन प्रश्न विचारा. आज कुठली सूचना कामाला आली? आणि कुठली हवी होती पण मिळाली नाही? माझ्या सगळ्या नोकरीत मी हजारो गठ्ठे दिले. मला एकदाही कोणी हे विचारायला सांगितलं नाही. मला जे कळलं ते त्या पोराने येऊन विचारलं म्हणून.

शेवटचं बोलायचं आहे ते तुमच्याशी. वैमानिकाच्या कामाची पुष्कळ माहिती सगळ्यात आधी जमिनीवरच्या माणसाला दिसते. डोंगरावरचा मनोरा, त्याच्यावरचा लाल दिवा. दिवा गेला की वैमानिकाला कळायला हवं. पण तो गेला हे कोणाला दिसतं? मुंबईतल्या कचेरीला दिसत नाही. गुरं घेऊन उशिरा परतणाऱ्याला दिसतं, रात्री भाताला पाणी धरणाऱ्याला दिसतं. वरून खाली दवंडी द्यायची व्यवस्था आपण पाऊणशे वर्षं बांधत आलो. खालून वर दवंडी द्यायची वाट मात्र कोणी बांधलीच नाही. प्रत्येक मनोऱ्याच्या कुंपणावर मराठीत एक पाटी आणि तिच्यावर एक फोन नंबर, एवढ्याने सुरुवात होईल. मी हे मागणं लिहून पाठवलं आहे, आणि उत्तर येईपर्यंत पाठवत राहणार आहे.

गेल्या महिन्यात मी चेलाडी फाट्यावरून रात्रीच्या वेळी इकडे येत होतो. बरोबर भावकीतला एक पोरगा होता, गाडी तोच चालवत होता. एका टेकडीवरचा मनोरा अंधारात काळा उभा दिसला. मी म्हटलं, "अरे, याच्यावर लाल दिवा असायचा ना?"

"असायचा, नाना. बंद आहे."

"कधीपासून?"

"गणपतीतसुद्धा बंदच होता."

"मग कोणाला सांगितलंस?"

त्याने गाडीचा वेग कमी केला, मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाला सांगायचं?"